दुसऱ्या मजल्याला अर्थ लागलाय

सोमवार, ५

ही वही खरं तर फॉल्टच्या वेळा टिपायला घेतली. सल्ला बाबांचा. "येत-जात राहणारा फॉल्ट म्हणजे चोर," ते म्हणाले, "त्याची हजेरी मांड, आपोआप सापडेल." पण हजेरी मांडायला बसले की माझं पेन भलतीकडेच वळतं. वळू दे. ही कोण वाचणार आहे!

हजेरी: सकाळी आठ वीसला पॅनलवर पिवळा दिवा लागला, अकराच्या सुमारास आपला आपण विझला. मी तेव्हा शिडीवर होते. उतरेपर्यंत पठ्ठ्या गायब.

इमारत तीन मजली, शुश्रूषागृह. सेहेचाळीस खाटा, आणि एकाही खाटेवरचं माणूस स्वतःच्या पायांनी जिना उतरू शकत नाही. नऊ वर्षांपूर्वी इथल्या आगीच्या घंटांचं सगळं वायरिंग बाबांनी केलं. गेल्या महिन्यात जुनं पॅनल काढून मी नवीन बसवलं. बाबांनी धंदा माझ्या हाती दिल्यावरचं हे माझं पहिलं मोठं काम, आणि पहिल्याच दिवसापासून नवीन पॅनल म्हणतंय, अर्थ फॉल्ट. म्हणजे कुठेतरी एखादी तार उघडी पडून भिंतीतल्या लोखंडाला, म्हणजेच जमिनीला, टेकते आहे. कुठे, ते पॅनल सांगत नाही.

तेवीस तारखेला तपासनीस येणार. त्या दिवशी दिवा पिवळा दिसला तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर शुश्रूषागृह बंद. कोणाला कुठे हलवायचं याची यादी मॅनेजरबाईंनी आत्तापासूनच करायला घेतली आहे. मला दिसेल अशी टेबलावर ठेवतात.

मंगळवार, ६

आठ पंधरा ते दहा पन्नास.

मॅनेजरबाई म्हणाल्या, "जुन्या पॅनलने नऊ वर्षांत हूं की चूं केलं नाही. तुम्ही आलात आणि रडारड सुरू." मी म्हटलं, नवीन पॅनलचे कान तिखट आहेत. "नाचता येईना, अंगण वाकडं," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला. अंगण माझ्या बाबांचं आहे, ते वाकडं असेलच कसं? पण हे मी मनात म्हटलं.

बाबांनी केलेला बॉक्स उघडणं म्हणजे नीट लावलेलं कपाट उघडणं. प्रत्येक तारेला नंबर, प्रत्येक जोडावर टेप, आणि टेपचं शेवटचं टोक दुमडून ठेवलेली बारीकशी शेंडी. "पुढच्या माणसाला नखाने सोलत बसावं लागू नये," हे मी दहा वर्षांची असताना शिकले. आता माझ्या हातूनही शेंडी आपोआप पडते. बाकी कोणताही मेकॅनिक ती ठेवत नाही. तेवढा वेळ कोणाला आहे!

जेवताना बाबांनी विचारलं, "जुनं पॅनल कुठे ठेवलंस?"

"केअरटेकरच्या कोठीत, गाद्यांखाली."

"भंगारात देऊन टाक. नाहीतर घरी आण, सुटे भाग कामाला येतील."

ते मॉडेल बंद होऊन जमाना झाला, त्याचे सुटे भाग कोणाला लावणार? म्हातारपणी माणसाला जुन्या वस्तूंचा लळा लागतो हेच खरं.

गुरुवार, ८

आज सगळ्या तारा पॅनलमधून सोडवून एकेका मजल्याची तार मीटरने जमिनीशी ताडून पाहिली. चांगली तार जमिनीला ओळखही देत नाही. पहिला मजला स्वच्छ, तिसरा स्वच्छ, दुसराही स्वच्छ. होणारच, दुपारचे दोन वाजले होते आणि चोर अकरालाच घरी गेला होता. मी शिडीवरच बसून डोळे पुसले. केअरटेकर खालून म्हणाला, "ताई, धूळ फार आहे ना." भला माणूस.

घरी सांगितलं, तिन्ही मजले स्वच्छ आले. बाबा बराच वेळ ताटात घास फिरवत होते. मग म्हणाले, "दुसऱ्या मजल्यावर आंघोळी किती वाजता असतात, विचार."

माझा नवरा पोस्टात पत्रं वाटतो, त्याला विजेतलं ओ की ठो कळत नाही. त्याने लगेच विचारलं, "दुसराच मजला का, बाबा?"

"अनुभव," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

याला काय म्हणावं! चाळीस वर्षं तारांत घालवलेल्या माणसाचं नाक आहे ते. नवरा नंतर माझ्याकडे काहीतरी बोलायचं असल्यासारखा बघत होता. मी म्हटलं, बघत काय बसलायस, भांडी घास.

शुक्रवार, ९

बाबांचं नाक!! दुसऱ्या मजल्यावर आंघोळी आठ ते साडेदहा. मॅनेजरबाईंच्या हातापाया पडून वीस मिनिटं घंटा बंद ठेवायची परवानगी काढली. पॅनलपाशी मीटर लावून बसले, आणि आठ बावीसला दुसऱ्या मजल्याच्या घंटांच्या तारेचा आकडा दाणकन खाली आला.

आनंदाने वर गेले. जिन्यावरून केअरटेकरला ओरडून सांगितलं, "दुसऱ्या मजल्याला अर्थ लागलाय!" पश्चिमेकडच्या शेवटच्या खोलीत एक निवृत्त शिक्षिका असतात, सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतात. कमरेखाली हालचाल नाही, वरचा भाग मात्र खणखणीत. त्यांनी मला आत बोलावलं.

"बत्तीस वर्षं मुलांना अर्थ लागावा म्हणून मी घसा फोडला," त्या म्हणाल्या, "आणि इथे अर्थ लागला तर तुम्ही तो काढायला आलात?"

मी हसले. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे आत्ता आग लागली तर घंटा वाजेल की नाही?"

"वाजेल. एक फॉल्ट असला तर चालतं. एका पायाने लंगडत का होईना, माणूस चालतो ना तसं."

"आणि दुसरा आला तर?"

"दुसरा येऊ नये म्हणून तर पहिला शोधायचा," मी म्हटलं. हे वाक्यही बाबांचंच.

सोमवार, १२

शनिवारी आणि आज, दोन सकाळी मिळून, तार मधोमध सोडवून कोणती बाजू खराब ते बघत, अर्ध्याचं अर्धं करत आले. फॉल्ट पश्चिमेच्या बाजूला आहे एवढं नक्की. पण तिथले अकराच्या अकरा बॉक्स उघडले आणि एकातही ओल नाही. मग आहे कुठे? उरल्या फक्त तारा नेणाऱ्या भिंतीतल्या नळ्या. नळी भिंतीत कुठून कुठे गेली आहे याचा नकाशा हवा. बाबांना म्हटलं, तुमच्या जुन्या कागदांत असेल. म्हणाले, वाळवी लागली. पण माझ्या लग्नाच्या आधीची बिलंसुद्धा कपाटात जशीच्या तशी आहेत, तिथली वाळवी चोखंदळ दिसते.

बाबा हल्ली जेवत नाहीत नीट. परवा विचारत होते, वाचनालयाची जुनी इमारत पाडली का, आणि ती नदीकाठची शाळा अजून भरते का. दोन्ही कामं त्यांचीच. म्हटलं, हो, दोन्ही ठणठणीत आहेत. त्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं.

पॅनलचा बझर सकाळभर किर्र करतो म्हणून केअरटेकरने त्यावर कापूस ठेवून चिकटपट्टी लावली आहे. मी पाहिलं आणि कानाडोळा केला. त्या आवाजाने माझंही डोकं उठलं होतं.

शुक्रवार, १६

आजची हजेरी वेगळी.

शुक्रवारी घंटांची चाचणी असते. सव्वानऊला तळमजल्यावरचं बटण दाबलं. पहिला मजला वाजला, तिसरा वाजला. दुसऱ्या मजल्यावरची एकही घंटा वाजली नाही.

धावत वर गेले. मास्तरीणबाई चष्मा लावून घड्याळाकडे बघत होत्या. "आज शुक्रवार ना?" त्यांनी विचारलं. "वाजली नाही ती?"

पॅनलजवळ परत आले. दुसऱ्या मजल्याच्या नावाने आणखी एक दिवा लागलेला. आंघोळी सुरू झाल्यापासून पॅनल ओरडत असणार, कापसाखाली. कारण शोधायला तासही लागला नाही. काल दुपारी केअरटेकरने पश्चिमेच्या बोळात पडद्याचा दांडा ठोकला, त्याचा एक स्क्रू नळीत घुसून जोडीतल्या दुसऱ्या तारेला लागला होता. ही तार स्क्रूने जमिनीला टेकली, तिच्या जोडीची त्या ओल्या जागी आधीच टेकलेली. दोघी जमिनीतून एकमेकींना भेटल्या आणि घंटांची वीज वाटेतच संपली. स्क्रू काढला, तारेचा तुकडा बदलला, घंटा वाजल्या.

मजल्यावर सोळा माणसं आहेत. जवळजवळ दोन तास त्यांच्या डोक्यावर नुसत्या शोभेच्या घंटा होत्या. केअरटेकर रडवेला झाला, पण त्याला काय बोलू? कापसाला मीच हो म्हटलं होतं. चिकटपट्टी माझ्या हाताने काढली.

शनिवार, १७

काल घरी सगळं सांगितलं. बाबांच्या हातातली वाटी सांडली. मी म्हटलं, "अहो, झालं ना ठीक, कोणाला काही झालं नाही." ते म्हणाले, "झालं नाही म्हणजे काय, पोरी? झालं नाही म्हणजे काय?" आणि आपल्या खोलीत गेले. माझ्या हलगर्जीपणाचा त्यांना एवढा राग आलेला मी कधी पाहिला नव्हता. आज सकाळचा चहाही खोलीतच घेतला.

सोमवार, १९

मॅनेजरबाईंनी आज सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमच्या वडिलांचं वायरिंगच मुळात कच्चं असणार." ते माझ्या मनाला फार लागलं. म्हटलं, दाखवतेच आता. जुनं पॅनल कोठीतून काढते, आंघोळीच्या वेळी याच तारांना जोडते. जुन्यानेही दिवा लावला तर फॉल्ट नवा, गेल्या महिन्यातला. नऊ वर्षं ते गप्प होतं म्हणजे नऊ वर्षं तारा चांगल्या होत्या. बाबांचं नाव राखायला याहून चांगला पुरावा कोणता?

केअरटेकरने गाद्या हलवल्या. मी झाकण उघडलं.

त्या पॅनलच्या बोर्डावर एक बोटभर तार असते, जंपर म्हणतात. जमिनीकडे लक्ष ठेवणं एवढंच तिचं काम. ती कापली की पॅनलला अर्थ फॉल्ट दिसतच नाही, मग भिंतीत काही का होईना. ती कापलेली होती. दोन्ही टोकांना टेप होती आणि दोन्ही टेपांना शेंडी होती.

मी झाकण लावलं. केअरटेकर म्हणाला, "ताई, जोडायचं ना?" मी म्हटलं, नको, बिघडलेलं आहे.

मंगळवार, २०

काल घरी एक शब्द बोलले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आंघोळी, दुसरा मजला, पॅनल भंगारात दे, वाळवी. सगळं समोर लिहिलेलं होतं, या वहीत, माझ्याच अक्षरात. मागची पानं वाचली आणि स्वतःची लाज वाटली. नवऱ्याला विचारलं, तुला केव्हा कळलं? तो म्हणाला, "आठ तारखेला. पण ते तुझे बाबा आहेत."

मॅनेजरबाई आज म्हणाल्या, "दिवा घालवा. कसा, ते मला सांगू नका." नवीन पॅनललाही जंपर आहे. झाकण उघडून मी कटर हातात घेऊन उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही. कापला की तेवीस तारीख सुखाची. तपासनीस पिवळा दिवा बघतो, जंपर कोण बघतं? त्या क्षणी बाबांनी तो का कापला असेल ते मला अगदी नीट कळलं, आणि त्याचाच मला भयंकर राग आला. कटर खिशात घातला.

बुधवार, २१

संध्याकाळी जुना बोर्ड स्वयंपाकघरात टेबलावर ठेवला. नवरा भाजी आणतो म्हणून बाहेर गेला. भाजी घरात होती.

बाबांनी बोर्ड बघितला. शेंडीवरून अंगठा फिरवला.

"उद्घाटनाला दोन दिवस होते," ते म्हणाले. "आठवडाभर शोधत होतो. शेवटच्या न्हाणीघराच्या भिंतीत आहे. नवीन फरश्या लावलेल्या, तेव्हाचा मालक फोडू देईना. म्हटलं, आत्ता कापू, महिन्याभरात सवडीने येऊन फोडू. परत येऊन जोडायचीच होती, म्हणून तर शेंडी ठेवली."

"नऊ वर्षं झाली, बाबा."

"महिना असाच लांबतो."

"एक असला तर चालतं, म्हणून त्याला सोडायचं नाही. हे मला कोणी शिकवलं?"

त्यांनी बोर्ड उलटा करून ठेवला.

"मी पंधरा दिवस शिडीवर चढते-उतरते आहे. तुम्हाला जागा माहीत होती. मजला सांगितलात, भिंत नाही सांगितलीत!"

"मजल्यावरून तू शोधून काढशील असं वाटलं," ते म्हणाले. "म्हणजे मला सांगावं लागलं नसतं."

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. माझ्या बाबांना मी असं कधी बोलेन असं वाटलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "उद्या मला घेऊन चल."

गुरुवार, २२

बाबांना दुसऱ्या मजल्यावर चढायला पंधरा मिनिटं लागली. केअरटेकरने हात दिला तर झिडकारला. मॅनेजरबाई वरच उभ्या होत्या. फरशी फोडायची म्हटल्यावर त्यांचा पारा चढला, "अंदाजाने माझी भिंत फोडणार?"

"अंदाज नाही, बाई," बाबा म्हणाले. "फॉल्ट नऊ वर्षांपूर्वीचा आहे. तो दिसू नये म्हणून मी पॅनलची तार कापली होती."

मॅनेजरबाईंनी न्हाणीघराचं दार सताड उघडलं. मग म्हणाल्या, "फोडा."

बाबांनी काठीचं टोक एका फरशीला लावलं. खालून सहावी, नळापासून तिसरी. मी छिन्नी मारली. आत गरम पाण्याची नळी आणि आमची नळी एकमेकींना चिकटून गेलेल्या, आणि आमच्या नळीचा जोड उकललेला. पाणी तापलं की भिंतीत घाम फुटत होता आणि जोडातून आत झिरपत होता. तारेचं आवरण दबून फाटलेलं, तांब्यावर हिरवा कीट. एवढीशी जागा, माझ्या करंगळीच्या नखाएवढी.

नवीन तार ओढली, दुसऱ्या वाटेने. पलीकडच्या खोलीतून मास्तरीणबाई ओरडल्या, "लागला का अर्थ?" बाबा म्हणाले, "लागला होता, बाई. काढला."

दुपारी गरम पाण्याचे सगळे नळ दोन तास सोडून ठेवले. दिवा लागला नाही. तरी मला धीर नाही, उद्याची सकाळ जायची आहे.

शुक्रवार, २३

आठ वीस, काही नाही. नऊ, काही नाही. अकरा, काही नाही.

तपासनीस साडेअकराला आले. बाबांना बघून त्यांनी खुर्ची पुढे केली. "यांचं काम असलं की मी डोळे झाकून सही करतो," ते मॅनेजरबाईंना म्हणाले. "निम्म्या शहरात केली आहे." मॅनेजरबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. घंटा वाजवून पाहिल्या, सगळ्या वाजल्या. मग नोंदवहीत फॉल्टच्या कारणाचा रकाना आला. मी पेन घेऊन अडखळले. तपासनीस म्हणाले, "ओल लिहा हो, आणखी काय."

बाबांनी नोंदवही आपल्याकडे ओढली आणि तपासनिसांचं पेन घेऊन लिहायला लागले. हात हलतो त्यांचा, वेळ लागला. किती साली, कोणत्या तारखेला, का, आणि खाली पूर्ण सही. तपासनिसांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. दाखल्यावर शिक्का मारला, पण बाबांकडे बघितलं नाही आणि जाताना चहाला थांबले नाहीत.

मॅनेजरबाईंनी ती यादी फाडली. सेहेचाळीस जण आपापल्या खाटेवर आहेत. मला नाचावंसं वाटायला हवं होतं.

आम्ही खाली येऊन गाडीत बसलो. मी किल्ली लावली. तपासनिसांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मी बाबांकडे न बघताच विचारलं, "बाबा, अशा आणखी किती?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"पेन आहे का तुझ्याकडे?"

खणात एक जास्तीचं होतं, ते दिलं. या वहीतलं मागचं एक पान फाडून दिलं, टेकायला पावती-वही दिली. मग मीही हे लिहायला घेतलं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. एक बाजू भरली. त्यांनी पान उलटलं आहे, आणि ते अजून लिहितायत.